वच्छलाचा क्रीमरोल, शमसुन्निसाचा काढा

रईसच्या तोंडाला दुसऱ्या बाईच्या हातची चव लागली, हे शमसुन्निसाला त्याच्या शर्टावरून कळलं. पोरगा कॉलेजातून आला, बॅग ठेवली, आणि खिशाजवळ पांढरा डाग. तिनं नखानं खरवडला, जिभेला लावला. साखर आणि डालडा.

"हे काय होय?"

"क्रीमरोल, अम्मी."

"क्रीमरोल! घरी मी गोश्तचा दालचा रांधून ठेवला सकाळपासून, अन् तू क्रीमरोल खाऊन आला?"

"दुपारीही तेच खाल्लं. आता रातच्याले पण तेच खाईन." त्यानं पिशवीतून कागदाचा पुडा काढून टेबलावर ठेवला. "आठ हप्ते असंच चालन. कॉलेजाच्या फाटकाजवळ वच्छलाबाईची टपरी हाये न, तिथलेच. ते, खारी, अन् फरसाण. बस."

शमसुन्निसा खाली बसली. तिच्या घरात आजवर कोणी आजारी पडलं, कोणी रुसलं, कोणी दुबईला गेलं. पण तिच्या हातचं कोणी नाकारलं नव्हतं. भद्रावतीत तिच्या गल्लीत लग्न असलं की देगच्यात मीठ टाकायला तिलाच बोलावत. ज्या बायका मागे तिच्या जिभेला नावं ठेवत त्याही तिच्या हाताला नाव ठेवू शकत नव्हत्या. आणि पोटचा पोरगा चंद्रपुरातल्या टपरीवरचा पुडा घेऊन घरात आला होता.

त्यात पोरगा आहारशास्त्राचा प्राध्यापक. आहारशास्त्र म्हणजे काय हे तिला कधी नीट उमगलं नाही. ती स्वतः चौथी शिकलेली. आपण चाळीस वर्षं चुलीपुढं उभं राहून जे करतो तेच खडूनं फळ्यावर लिहिलं की त्याचा पगार मिळतो, एवढं तिला समजलं होतं. त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. शेवटी ज्या हाडामांसावर तो शिकला ते तिच्याच भाकरीचं होतं.

"तू पोरांले काय खा अन् काय नोको खा हे शिकवते न?" ती म्हणाली.

"हो."

"मंग?"

तेव्हा रईसनं सांगितलं. त्याच्या वर्गात ललिता नावाची पोरगी होती, आलापल्लीकडच्या एका जंगलातल्या गावची, वसतिगृहात राहणारी. मोबाईलवर कोणा बाईनं सांगितलं की पंधरा दिवस नुसती काकडी आणि लिंबूपाणी घेतलं की माणूस सुंदर दिसतो. ललितानं घेतलं. बाराव्या दिवशी प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली, कपाळाला तीन टाके. आणि शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय, तर सर माझं वजन किती उतरलं?

"मी वर्गात सांगितलं, बारीक होणं म्हणजे तब्येत नाही. कोणाले पटलं नाई," रईस म्हणाला. "मागच्या बाकावरून एक पोट्टा म्हणते, सर, मंग क्रीमरोल खाऊन कोणी बारीक होते का? मी म्हटलं होते. मोजून कमी खाल्ले तर क्रीमरोल खाऊनही माणूस बारीक होते. आठ हप्त्यात पाच किलो उतरून दाखवतो. अन् बारीक होऊन मी बिमार कसा होतो तेही दाखवतो. आधी रक्त तपासलं, नंतर पुन्हा तपासीन. डॉक्टरले विचारून करून राह्यलो, अम्मी. तुम्ही कोणी करू नका, हे पण पोरांले सांगितलं."

"म्हणजे तू मुद्दाम बिमार पडणार."

"थोडासा."

"अन् त्यासाठी माह्या हातचं बंद."

"तुह्या हातचं मोजता येत नाई न अम्मी! तू मुठीनं टाकते, अंदाजानं टाकते. तो रोल एकसारखा असते. पहिल्या दिवशी दहा रोल तोलले, एकाचं वजन काढलं, आता नुसती गिनती करायची अन् वहीत लिहायचं."

बशीर, म्हणजे शमसुन्निसाचा नवरा, मशीनवर पाय चालवत ऐकत होता. त्याचं शिवणकामाचं दुकान घराच्या ओट्यावरच. तो म्हणाला, "काहाले भांडतेस? पँट आवळायची असन तर मी हाये."

निशात, सून, शाळेच्या वह्या तपासत होती. ती हसली. शमसुन्निसानं ते हसणं पाहिलं. "तुले काय," ती म्हणाली, "तुह्या भाकरी वाचल्या."

*

पहिल्या आठवड्यात तिनं जे जे त्याला आवडतं ते ते रांधलं. खिमा केला, अंबाडीची भाजी घालून गोश्त केलं, शुक्रवारी चारोळी टाकून खीर केली. पातेल्याचं झाकण मुद्दाम तो दारातून आत यायच्या वेळी उघडायची. रईस खोल श्वास घ्यायचा, "वा अम्मी," म्हणायचा आणि कागदाचा पुडा घेऊन अंगणात जायचा. तिथं एकटा बसून क्रीमरोल खायचा, खाली पडलेला चुरा बोटानं टिपायचा, आणि वहीत लिहायचा.

चुरासुद्धा टिपायचा. तेवढं तिच्या काळजात रुतलं. तिच्या खिरीची वाटी त्यानं कधी अशी बोटानं पुसली होती?

नवव्या दिवशी तिनं ओढणी कपाळापर्यंत घेतली, निशातला सांगितलं की डोळे दाखवायला चालली, आणि एसटीत बसून चंद्रपूर गाठलं.

टपरी शोधावी लागली नाही. फाटकाच्या उजव्या हाताला, बाभळीखाली, निळ्या ताडपत्रीची. वच्छला चाळिशीची असेल. हिरवी साडी, केसांत आबोली, हात भरून बांगड्या. बेकरीतून आणलेल्या पोकळ रोलांत ती पिशवीच्या टोकानं पांढरं क्रीम भरत होती. एक भरला की चटकन दुसरा. हात चालतो बाईचा, शमसुन्निसानं मनात म्हटलं, आणि तेवढं म्हटल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

"एक दे," ती म्हणाली.

"घ्या न बाई. बसा. उन्हातून आल्या."

शमसुन्निसा बसली. खाल्लं. बाहेरचं पापुद्र्याचं आवरण दातांखाली मोडलं, आतलं क्रीम थंडगार. वाईट असतं तर तिचं ऊर हलकं झालं असतं. वाईट नव्हतं. बरं होतं. एवढ्या दूर येऊन हे बरं निघावं!

"चांगला हाये न?" वच्छला म्हणाली. "आमचे एक सर हायेत इथले, थे रोज माह्याच हातचं खातेत. सकाळ-दुपार-संध्याकाळ. घरी जेवतच नाई."

"काऊन?"

"आता काऊन म्हणजे..." वच्छलानं आवाज खाली आणला. "थे म्हणतेत प्रयोग हाये. मले वाटते घरचं आवडत नसन बिचाऱ्याले. कोणाच्या घरी कसं असते, आपल्याले काय माहीत? चेहरा पाहा त्याईचा, सुकून राह्यला दिवसेंदिवस. मी म्हटलं, सर, एक फुकटचा घ्या. घेत नाई. मोजून घेतेत."

शमसुन्निसानं उरलेला रोल गिळला. दहा रुपये ताटलीत ठेवले आणि उठली.

"बाई, पाणी तं प्या!"

"घरी पिईन," ती म्हणाली. "माह्या घरचं पाणी मले आवडते."

*

परतीच्या बसमध्ये तिनं ठरवलं. रईसला खायला घालायचं. तो म्हणो ना म्हणो.

संधी तिला खोकल्यानं दिली. थंडी पडली होती, आणि दोन दिवसांनी रईस नाक वाहत, घसा खरखरत घरी आला. औषध चालेल, पण साखरेचं नको म्हणाला. शमसुन्निसा म्हणाली, "काढा करून देतो. अद्रक, अजवाइन, मिरे. त्यात काय असते तुह्या हिशोबानं?"

"काही नाई. शून्य."

"मंग रोज थर्मास भरून देत जाईन. दिवसभर पीत जाजो."

रईसनं वहीत लिहिलं, काढा, शून्य.

पहिल्या दिवशी काढा खरंच शून्य होता. दुसऱ्या दिवशी बुधवारचा बाजार होता. रुखमा गोंडपिपरीकडून यायची, चारोळी, हिरडा, डिंक घेऊन. बारा वर्षांची ओळख. शमसुन्निसा तिच्या पोत्याजवळ वाकली आणि इकडेतिकडे पाहून म्हणाली, "मोह हाये का?"

रुखमानं वर पाहिलं. "मोह? तुमच्या घरी, भाभी?"

"सुकलेला. फुलं."

"फुलंच असतेत. दारू तं मंग होते." रुखमा तोंडावर पदर घेऊन हसली. "भाऊले काही झालं का?"

"कोणाले काही नाई झालं. किलोभर दे अन् वरून चारोळी टाक. कोणी विचारलं तं चारोळी."

ती मशिदीच्या गल्लीतली बाई. मोह तिनं लहानपणी खाल्ला होता, तिच्या नानीच्या घरी, दुष्काळाच्या वर्षी, तीळ घालून कुटलेला. मोह म्हणजे भट्टी नव्हे, मोह म्हणजे साखर; झाडावरून पडलेली साखर. हे तिला माहीत होतं. पण गल्लीला कोण समजावणार? घरात मोह आला एवढंच गल्लीनं ऐकलं असतं, आणि पुढचं स्वतःहून जोडलं असतं.

पहाटेच्या नमाजानंतर तिनं तीन मुठी मोह भाजून, चोळून उकळला. पाणी तपकिरी झालं, दाट झालं. गाळून त्यात अद्रक ठेचलं, अजवाइन टाकली, मिरे टाकले, इतके की मोहाचा वास त्यांच्याखाली दबून गेला. थर्मास भरला.

बशीर मशिदीतून नमाज पढून परतला होता. त्यानं नाक वर केलं. "दवाखाना उघडला का भट्टी?"

"तोंड सांभाळा."

"मी तोंड सांभाळीन. नाक कसं सांभाळू?" तो म्हणाला, आणि मशीनवर जाऊन बसला. चाळीस वर्षांच्या संसारात कुठं न बोलल्यानं आपली भाकर गरम राहते हे त्याला कळलं होतं.

संध्याकाळी रईसनं रिकामा थर्मास परत दिला. "अम्मी, काढा गोड कसा लागते?"

ती थर्मास विसळायला लागली. "मुलेठी टाकली, जेष्ठमध. घशाले चांगली."

"मुलेठीच न? साखर नाई न?"

"साखरेचा दाणा नाई त्यात. कसम."

कसम खोटी नव्हती. साखरेचा दाणा नव्हताच. नाक बंद असलेल्या प्राध्यापकानं मान हलवली आणि वहीत पुन्हा शून्य लिहिलं.

त्या रात्री रईस अंगणात बसून क्रीमरोल खात होता, आणि शमसुन्निसा दारात उभी राहून पहिल्यांदा शांतपणे ते पाहत होती. खा म्हटलं. खा तिचं. तुझ्या अंगाला लागतंय ते माझं.

खोकला दहा दिवसांत गेला. काढा गेला नाही. रईसला त्याची सवय लागली होती; थर्मास विसरला तर बसस्टँडवरून परत यायचा. क्रीमरोलसाठी तो कधी परत आला नव्हता. हे शमसुन्निसानं मनात पक्कं नोंदवून ठेवलं होतं.

*

आठ आठवडे संपले त्या दिवशी कॉलेजात आरोग्य सप्ताहाचा शेवटचा कार्यक्रम होता. रईसनं अम्मी-अब्बांना बोलावलं. निशातची शाळा होती. शमसुन्निसानं ईदची जांभळी साडी नेसली, अत्तर लावलं, आणि बशीरला इस्त्रीचा कुर्ता घालायला लावला. सभागृहात त्यांना तिसऱ्या रांगेत जागा मिळाली.

पहिल्या रांगेत वच्छला बसली होती. आबोली होतीच.

"ती तिथं काहाले?" शमसुन्निसा म्हणाली.

"मोठी माणसं पुढं बसतेत," बशीर म्हणाला.

मग जे झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. प्राचार्यांनी वच्छलाला मंचावर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. आपल्या सरांना आठ आठवडे खाऊ घालणारी आपली वच्छलाबाई, असं माईकवर म्हणाले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. वच्छला लाजून पदर सावरत होती, आणि तिसऱ्या रांगेत शमसुन्निसाच्या कानशिलांतून वाफ निघत होती. एकतीस वर्षं खाऊ घातलं त्या बाईला एक प्लास्टिकची खुर्ची, आणि आठ आठवडे डालडा भरणारीला शाल!

रईस उभा राहिला. गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यानं रक्ताचे रिपोर्ट पडद्यावर दाखवले. लोह घटलेलं, चरबी वाढलेली. "दुसऱ्या मजल्यावर चढलो की दम लागतो," तो म्हणाला. "रात्री पायात गोळे येतात. आता वजन पाहू."

मंचावर काटा होता, बाजूला फळा. तो वर चढला. आकडा पडद्यावर आला. रईसनं एकदा पाहिलं, उतरला, पुन्हा चढला.

"दोन किलो," तो म्हणाला.

सभागृहात कुजबुज झाली. मागून तोच पोरगा ओरडला, "सर, पाच म्हटलं होतं न तुम्ही! मंग तुमची कॅलरी खोटी निघाली!"

हशा पिकला. चौथ्या रांगेत, कपाळावर टाक्यांची खूण असलेली एक किडकिडीत पोरगी शेजारणीच्या कानाशी लागली, "मी म्हटलं नवतं? काकडीनंच होते." शमसुन्निसानं मागं वळून पाहिलं. हीच ती ललिता.

रईसनंही ते ऐकलं असावं. तो माईक धरून पडद्यावरच्या आकड्याकडे पाहत होता. शमसुन्निसाला तो चेहरा ओळखीचा होता. पाचवीत गणितात नापास झाला तेव्हाचा. पण तिनं तोंड उघडलं नाही. इथं बोललं की मोह निघणार, आणि मोह निघाला की गल्ली. आज नापास झाला तर उद्या पास होईल.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून वच्छला उठली. शाल खांद्यावर तशीच.

"सर, गलती माही हाये."

"तुमची कशी, वच्छलाबाई?"

"तुम्ही पहिल्याच दिवशी रोल तोलले. मंग नुसते मोजत गेले." वच्छलानं शाल सावरली. "तुम्ही रोज सुकून राह्यले होते. मले पाहवलं नाई. मी दुसऱ्या हप्त्यापासून तुमच्या रोलात थोडं थोडं जास्त क्रीम भरत होती. दाबून. माफ करा सर. पण तुमची आई असती माह्या जागी, तं तिनंही हेच केलं असतं."

सभागृहात टाळ्या वाजल्या. पोरी डोळे पुसत होत्या. रईस मंचावरून खाली आला, वच्छलासमोर हात जोडले. माईक त्याच्या हातात तसाच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं, "वच्छलाबाई, माझा प्रयोग तुमच्या मायेनं बुडवला. याच्यावर मी रागावू कसा?"

आता शमसुन्निसाला काहीच करायचं नव्हतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. मोह कोणाला कळला नव्हता. रईसची लाज राहिली होती. फक्त गप्प बसायचं होतं.

ती उभी राहिली.

"बस कर, वच्छला!"

बशीरनं तिच्या साडीचा पदर ओढला. तिनं झटकला.

"चमचाभर क्रीमनं तीन किलो चढते का? आँ? मी शिकली नाई, पण रांधलं हाये. तीन किलो अंगावर चढवणं म्हणजे खेळ होय का? त्याले तू नाई खाऊ घातलं. मी खाऊ घातलं! रोज. थर्मास भरभरून. तुह्या टपरीवर बसून तो माह्या हातचं पीत होता!"

वच्छलानं वळून पाहिलं. "तुम्ही... तुम्ही तं त्या दिवशीच्या बाई."

"अम्मी," रईस म्हणाला. "तू तर फक्त काढा देत होती."

"काढाच देत होती. मोहाचा."

मोह हा शब्द त्या सभागृहात अशा तऱ्हेनं पडला की अर्धी पोरं खोकली आणि अर्धी हसली. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. बशीर आपल्या चपलांकडे पाहत म्हणाला, "मी त्याच दिवशी म्हटलं होतं, भट्टी."

"भट्टी नाई!" शमसुन्निसा कडाडली. "फुलं! उकळलेली फुलं! ज्याले दारू दिसते त्यानं दारू पाहावी. मी माह्या लेकराले गोड पाजलं."

थर्मास मंचावरच्या टेबलावर होता. सकाळी तिनंच भरून दिला होता. रईस परत वर गेला, झाकण उघडलं, नाक खाली नेलं. आता नाक मोकळं होतं, पण दीड महिन्याच्या सवयीनं त्याला तो नुसता काढाच वाटत होता. त्यानं समोर पाहिलं. "ललिता, इकडे ये."

ललिता आली. तिनं वास घेतला आणि हसू दाबलं. "मोहच हाये, सर. आमच्या घरी उन्हाळ्यात असाच उकळतेत. पण आमची आजी इतके मिरे नाई टाकत."

"वर्गात कधी सांगितलं नाहीस, घरी मोह पिता म्हणून?"

"कसं सांगणार? सगळे हसतेत. पाहा न, आताही हसून राह्यले."

तिनं टोपणात ओतून एक घोट घेतला. मग दुसरा. मग टोपण पुन्हा भरलं. शमसुन्निसाची नजर त्या टोपणावरच होती. पी, तिनं मनात म्हटलं, काकडीवाले, पी.

रईस फळ्याकडे वळला. "अम्मी, रोज किती मोह?"

"तीन मुठी."

"मूठ म्हणजे किती ग्रॅम?"

"माही मूठ म्हणजे माही मूठ."

सभागृह हसलं, आणि या वेळी तिला ते हसू बोचलं नाही. रईसनं खाली येऊन तिचा हात उघडा करून पाहिला, मनात काही धरलं, परत वर जाऊन फळ्यावर आकडे मांडले. गुणाकार केला, भागाकार केला. खाली उत्तर आलं, तीनच्या जरा आत. त्यानं खडू ठेवला.

"कॅलरी खोटी नाही," तो म्हणाला. "वही खोटी आहे. मी आहार शिकवतो आणि दीड महिना मोह पिऊन वहीत शून्य लिहीत बसलो. शरीरानं माझी वही वाचली नाही. आत जे गेलं ते त्यानं धरलं. मोबाईलवर कोणी म्हणालं, मी फक्त हे खाते आणि अशी दिसते, तर एवढं विचारा, तिच्या थर्मासात काय आहे? आणि हा रक्ताचा कागद विसरू नका. मी बारीकही पुरता झालो नाही, आणि बिमार मात्र झालो."

मागच्या बाकावरच्या पोरानं आकडे वहीत उतरवून घेतले. ललिता टोपण हातात धरून फळ्यावरचे आकडे वाचत होती, ओठ हलवत.

*

कार्यक्रम संपल्यावर वऱ्हांड्यात रईसनं तिला गाठलं. तिथं तो प्राध्यापक नव्हता.

"मी विचारलं होतं तुले. मुलेठीच न? तू कसम खाल्ली."

"साखरेची खाल्ली. साखर नवतीच."

"अम्मी! मी हे मोठ्या ठिकाणी लिहून पाठवणार होतो. आता काय पाठवू? दोन महिने गेले माहे."

शमसुन्निसाजवळ उत्तरं होती. नेहमी असत. आज तिनं त्यातलं एकही काढलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती खालच्या मानेनं म्हणाली, "तू तिच्या हातचा चुरा बोटानं टिपत होता."

रईसनं कपाळावर हात मारला. मग हसावं की चिडावं हे न ठरल्यासारखा श्वास सोडला. "घरी चाल," तो म्हणाला. "भूक लागली. रक्तात लोह भरायचं हाये, डॉक्टरनं सांगितलं. अंबाडी घालून गोश्त कर."

"करतो. पण मोजून नाई करणार."

"नोको मोजू."

तो बशीरला आणायला गेला आणि तेवढ्यात वच्छला आली. शाल घडी करून काखेत धरली होती. शमसुन्निसानं मान ताठ केली.

"आई, रागावल्या का?"

"मी तुही आई कधी झाली?"

"बरं, बाई. त्या दिवशी मी घरच्या जेवणाबद्दल बोलली, मले माहीत नवतं. चुकली माही." ती थोडी घुटमळली. "तुम्ही खरं सांगितलं थे बरं झालं. चमचाभर क्रीमचं मले पण खरं नवतं वाटत." मग जवळ सरकली. "बाई, थो काढा मले सांगता का? सर आता क्रीमरोल नाई खाणार. पोट्टे तं पितीन. थंडीत चहासंगं ठेवीन म्हणतो. ललिता आताच विचारून गेली, टपरीवर भेटन का म्हणून."

शमसुन्निसानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आबोली, शाल, बांगड्या. बाई मनानं वाईट नव्हती. हेच तर होतं. उद्या हिच्या टपरीवर तोच काढा, आणि परवा रईस तिथं उभा राहून म्हणणार, वा वच्छलाबाई.

"लिहून घे," ती म्हणाली.

"लिहिता येत नाई मले चांगलं. तोंडीच सांगा."

शमसुन्निसानं सांगितलं. नीट, सावकाश, एकेक गोष्ट बोटावर मोजत. तीन मुठी मोह. अद्रक ठेचून, किसून नाही. अजवाइन हातावर चोळून. मिरे जास्त, पण ललितासाठी तिच्या आजीसारखे कमी. पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं आणि फडक्यातून गाळायचं. वच्छला प्रत्येकाला हो हो म्हणत होती, तिच्या पाया पडायला वाकली, शमसुन्निसानं तिला अर्ध्यावर धरलं आणि तोंडभर दुवा दिली.

उकळण्याआधी मोह तव्यावर कोरडा भाजून, हातानं चोळून, आतले बारीक धागे झटकून टाकावे लागतात, नाहीतर काढा कडवट होतो आणि घशात खवखवतो, एवढंच तिनं सांगितलं नाही.